चार हजार डोळे

१

चार हजार डोळे नाहीसे झाले ते मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.

खरे डोळे नव्हेत, डोळ्यांचे फोटो. पण ज्या कार्यशाळेतून ते गेले, तिथे त्यांना खऱ्या डोळ्यांसारखंच जपत. अपघातात किंवा आजारात ज्याचा डोळा गेला, त्याला तिथे नवा करून मिळायचा. त्या डोळ्याने दिसत काही नसे, पण समोरच्याला तो दिसे. माणसाच्या शाबूत डोळ्याचा फोटो काढायचा, पडद्यावर ताटाएवढा मोठा करायचा आणि तीन केसांच्या कुंचल्याने त्यातली एकेक रेघ नव्या डोळ्यावर उतरवायची. वीस वर्षं हे काम मोठ्या बाईंनी केलं. सात महिन्यांपूर्वी त्या वारल्या. त्यांच्या खुर्चीवर त्यांची भाची बसायला लागली, आणि बुधवारी सकाळी तीच भाची मावशीच्या घरी येऊन दारातच उभी राहिली.

मावशीचे यजमान ओट्यापाशी बायकोचं भिंग पुसत होते. बाई दर बुधवारी पुसायच्या, म्हणून ते पुसत. भिंगाचं दुसरं काही काम त्यांच्याकडे नव्हतं.

"काका, मी मावशीचं सगळं घालवलं."

"आत ये. बस. मग सांग काय घालवलंस."

काकांना सगळे मोजणीदार म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या होत्या. दोन भावांच्या वाटणीत मधली पट्टी गायब झाली, एखाद्याची विहीर कागदावर शेजाऱ्याच्या हद्दीत गेली, की त्यांना बोलावणं यायचं. ते कोणाला चोर म्हणत नसत. आधी सगळे तुकडे मोजत, बेरीज करत आणि बेरीज जिथे चुके तिथे जाऊन उभे राहत. संगणकातलं मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

"सी भरली होती, काका."

"सी म्हणजे?"

"संगणकात डिस्क असते, तिचे भाग पाडलेले असतात. आमच्या डिस्कचे दोन. एक सी, एक डी. सीची पट्टी लाल झाली होती, म्हणजे जागा संपली. मालकांना रंग जुळवायचा नवा प्रोग्रॅम टाकायचाय, म्हणाले जागा कर. मी नको ते सगळं काढलं, रिसायकल बिन रिकामी केली, तरी लालच. मग बघितलं तर 'डोळे' नावाचं फोल्डर दोन ठिकाणी. सीत पण आणि डीत पण. आतले कप्पे तेच, एक ते चाळीस. मला वाटलं मावशीने प्रत काढून ठेवलीय. अडचण सीत होती, म्हणून सीतलं टाकलं."

"आणि डीतलं?"

"डीत प्रत्येक कप्प्यात एकच डोळा निघाला. चाळीस कप्पे, चाळीस डोळे. कोणाला तरी दाखवायला नमुना म्हणून काढून ठेवले असणार." ती थांबली. "पण मालक म्हणतात, तू पुसले नाहीस."

"मग?"

"म्हणतात, तू नेलेस."

२

कार्यशाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक खिडकी. आतल्या खोलीत पांढऱ्या दिव्याखाली बाईंची खुर्ची, शेजारी संगणक, आणि मागे कपाटात उथळ खणांच्या रांगा. मोजणीदार बायकोला घ्यायला शेकडो वेळा आले होते, पण पायरीवरच थांबायचे. आत ते आज पहिल्यांदा आले. एक खण अर्धवट उघडा होता. त्यातून दहा-बारा डोळे एकदम त्यांच्याकडे बघत होते. नकळत त्यांनी हात मागे बांधले.

मालकांचा पांढरा कोट नेहमी कडक असे आणि बोलणं मऊ. आज उलट होतं.

"मोजणीदार, तुमच्याबद्दल मला आदर आहे. बाईंबद्दल तर काय बोलू? पण पुलापलीकडे नवी कार्यशाळा निघालीय, तिथून हिला बोलावणं आलं होतं. विचारा, खोटं असेल तर."

"आलं होतं," भाची म्हणाली. "मी नाही म्हटलं."

"नाही म्हटलं आणि आठवड्यात डोळे गेले."

मोजणीदार खिडकीवरच्या बाईंकडे वळले. येणाऱ्याचं नाव लिहून घेणं हे त्यांचं काम, आणि बाकीचं सगळं बघणं ही आवड.

"मी कोणाचं नाव घेत नाही," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी गळ्यात दोरीला लाल पेनड्राइव्ह घालून कोण फिरत होतं, ते मी पाहिलंय. मला काय, डोळे आहेत."

"त्यात गाणी होती," भाची म्हणाली.

"किती मावतं त्यात?" मोजणीदारांनी विचारलं.

"बत्तीस जीबी."

त्यांनी खिशातली छोटी वही काढली आणि बत्तीस लिहिलं. मग जमिनीच्या वादात म्हाताऱ्या शेतकऱ्याला बांधावरून चालायला लावत, तसं भाचीला खुर्चीवर बसवलं. "काल केलंस ते पहिल्यापासून सांग. काहीतरी विचित्र वाटलं असेल तर तेही सांग, कितीही बारीक असू दे."

भाचीने बोट पडद्यावर ठेवलं. "इथे होतं. बाकीची फोल्डरं पिवळी दिसतात. हे राखाडी डबीसारखं होतं. जुनं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. टाकायच्या आधी आत जाऊन सगळं निवडलं, किती आहे ते बघितलं आणि मावशीच्या वहीत लिहिलं. काहीही टाकायच्या आधी आकडा लिहायचा, ही मावशीची शिस्त." तिने वही पुढे केली. मंगळवारच्या तारखेखाली लिहिलं होतं: सी, डोळे, दोनशे बारा जीबी.

"मग?"

"मग टाकलं. एकदाच विचारलं, नक्की का. हो म्हटलं. टिचकी वाजवावी इतक्यात गेलं, रिसायकल बिनमध्येही आलं नाही."

"आणि ती लाल पट्टी?"

"तशीच राहिली, काका. जराही मोकळी झाली नाही."

"कशी होईल," मालक म्हणाले. "आतलं आधीच काढून नेलं होतंस. रिकामा डबा टाकलास आणि वहीत मोठा आकडा लिहिलास."

भाचीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मोजणीदारांनी बत्तीसखाली दोनशे बारा लिहिलं आणि दोन्हीकडे बघत राहिले.

"मालक, बादलीत विहीर नेता येत नाही."

"सात फेऱ्या मारल्या असतील."

तेवढ्यात बाहेरून कोणी शीळ घालत आलं आणि दारातूनच म्हणालं, "चला, आज सीचा प्रश्न निकालात काढू."

३

संगणक दुरुस्त करणाऱ्याला गल्लीत पेचकस म्हणत, कारण त्याच्या कानामागे तो कायम असायचा. केस कापतानासुद्धा काढत नाही, असं म्हणत. माणूस मोकळा होता. मोजणीदारांना त्याने स्टूल दिलं आणि स्वतः टेबलाच्या कडेवर टेकला.

"काका, पुसलेली फाईल लगेच मरत नाही. संगणक मोठा आळशी. पूस म्हटलं की तो यादीतलं नाव तेवढं खोडतो. माल आहे तिथेच पडून राहतो, त्याच्यावर दुसरं काही येऊन बसेपर्यंत."

मोजणीदार पुढे झुकले. "म्हणजे दप्तरातली नोंद खोडली, शेत जागेवर?"

"अगदी तसंच."

"पीकसुद्धा?"

"पीकसुद्धा. दुसऱ्याने नांगर घालेपर्यंत."

मोजणीदार त्या टेबलाखालच्या काळ्या पेटीकडे बघत राहिले. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बायको सांगत असेल कधीतरी, आणि आपण हं हं म्हणत पेपर वाचत असू.

"मग डोळ्यांचा माल कुठाय?"

"तिथेच तर घोडं अडलंय. काल संध्याकाळी अख्खी सी खरवडली. हिने टाकलेली गाणी सापडली. तीन वर्षांमागची पत्रं सापडली. डोळा एक नाही. अख्खा जाऊ द्या, पापणीसुद्धा नाही. माझं ऐकाल तर या सीवर डोळे कधी नव्हतेच."

"मी रोज तिथूनच उघडायचे," भाची म्हणाली.

"मी काय खोटं बोलतोय?"

"मग काय मी बोलतेय?"

मोजणीदारांनी हात वर केला. असे साक्षीदार त्यांनी पुष्कळ पाहिले होते. दोघं खरे आणि दोघांचं उलटं. अशा वेळी खोटा माणूस शोधण्यात अर्थ नसतो. दोघं एकाच दगडाला हद्द म्हणतायत का, ते बघायचं.

"ही सी केवढी आहे?"

"शंभर जीबी."

मोजणीदारांनी दोनशे बाराच्या खाली शंभर लिहिलं. पेन्सिल तिथेच थांबली. भाचीने वाकून वहीत बघितलं.

"आणि डी?"

"पासष्ट."

"अख्खी डिस्क?"

"वरच्या चिठ्ठीवर पाचशे. पण पाचशेची भरते चारशे पासष्ट. बनवणारे हजाराने मोजतात, संगणक एक हजार चोवीसने."

"असू दे. आमच्यातही दोन गावांच्या मोजणीच्या साखळ्या सारख्या नसायच्या. चारशे पासष्ट धरू. त्यातली शंभर सी, पासष्ट डी. तीनशे उरतात."

पेचकस हसला. "काका, तुम्ही दुकानात या कामाला. तेच सांगायला आलोय. तीनशेचा एक तुकडा सीला लागूनच पडलाय. त्याला नाव नाही, अक्षर नाही. बिनमालकाची जागा. कोणीतरी कधी पाडून विसरलं असेल. चार वाजता दुकानातून येतो, तो तुकडा पुसतो आणि सीला जोडून टाकतो. सी चारशेची. लाल पट्टी जन्मात दिसणार नाही."

"वा," मालक म्हणाले. दिवसातलं त्यांचं हे पहिलंच बरं बोलणं.

मोजणीदारांनी वहीत तीनशे लिहिलं. भिंतीवर अडीच वाजले होते.

४

पावणेतीनला पावाचा वास आला आणि मागोमाग एक जोडपं. नवरा पुढे, त्याच्या कोपराला धरून बायको. दोघांची बेकरी होती. तिने काळा चष्मा लावला होता.

भाची दारात जाऊन उभी राहिली खरी, पण वळून काकांकडे बघायला लागली. शेवटी मोजणीदारच पुढे झाले. "मी मोठ्या बाईंचा नवरा."

"हो का," बेकरीवाली म्हणाली आणि आवाजाच्या दिशेला वळली. "त्यांनीच मला बोलावून घेतलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळे काढावे लागतील, तारीख दिली. हे बाईंना कुठून कळलं कोण जाणे, मला निरोप पाठवला. म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी येऊन बस, मी तुझे डोळे ठेवून घेते. दोन तास बसवलं. वर म्हणाल्या, डोळ्यांत पाणी आणू नकोस, रंग बदलतो."

"मग?"

"मग काय, नाही आणलं. घरी जाऊन आणलं."

नवऱ्याने खिशातून एक फोटो काढला. "लग्नातला आहे. फोनवर विचारलं होतं ना, दुसरा काही फोटो आहे का." फोटोत चाळीस माणसं होती. नवरीचा डोळा तिळाएवढा होता.

"म्हणजे तो फोटो हरवला," बेकरीवाली म्हणाली. तिने कोपर सोडलं, चाचपत खुर्ची शोधली आणि बसली.

"हे बघा, मला काही दिसणार नाही, ते मी केव्हाच गिळलंय. कणीक मी बोटांनी ओळखते, भट्टी गालाने ओळखते. पण समोरच्याला मी दिसले पाहिजे. कोणाचेतरी तपकिरी डोळे लावून मला गल्ल्यावर बसायचं नाही. माझे असतील तर द्या. नसतील तर हा चष्मा बरा."

भाची आतल्या खोलीत निघून गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

मोजणीदारांनी मालकांना बाजूला घेतलं. "तिच्या जुन्या वह्या आहेत का?"

"आहेत. पण त्यांत रोजचंच. आज अमका डोळा, तमका रंग."

"द्या."

५

चौदा वह्या होत्या. मोजणीदारांनी त्या मागून पुढे उलटायला घेतल्या. अक्षर ओळखीचं होतं. सात महिन्यांत त्यांनी ते कुठे पाहिलं नव्हतं. घरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा ते टाळत होते. आता पानांवर पानं भरून ते समोर आलं. 'राखाडी, पण सकाळच्या उजेडात निळा.' 'मुलाचा डोळा, दोन वर्षांनी पुन्हा बोलावणे.' 'आज एक डोळा असा पाहिला की जेवायला उठवेना.'

सहा वर्षांपूर्वीच्या वहीत, हिवाळ्यात, एका दिवशी डोळ्याची नोंद नव्हती. दोनच ओळी होत्या.

'सीत आता जागा उरली नाही. आज वाट काढली. पत्ता तोच ठेवला.'

मोजणीदारांनी ओळी दोनदा वाचल्या. मग वही मांडीवर ठेवली. खोलीत काय चाललंय हे त्यांना ऐकू येईनासं झालं.

त्या हिवाळ्यातलं एक जेवण त्यांना आठवलं. ती ताटात बघत म्हणाली होती, "अहो, एक विचारू? एखाद्या शेताला रस्त्याकडून तोंडच नाही. दुसऱ्याच्या आवारातल्या दारातूनच आत जाता येतं. तर ते शेत कोणाचं?"

"ज्याचं त्याचं. आवारवाल्याचं नाही."

"आणि आवारवाल्याने ते दार बुजवलं तर?"

"दार जातं. शेत कुठे जातं?"

"नकाशात त्या शेताला नाव नसलं तरी?"

"नाव नसलं म्हणून जमीन मोकळी होत नाही. आधी जाऊन बघायचं, कोणी पेरलंय का. हे काय आज काढलंस?"

"काही नाही. भात घ्या," ती म्हणाली होती. चेहऱ्यावर मात्र, कोणाचं तरी कोडं सुटल्यासारखं हसू होतं. त्यांना वाटलं होतं, वेळ जावा म्हणून विचारतेय. आपल्या कामात तिला गोडी नाही असं ते चाळीस वर्षं धरून चालले होते.

बाहेर शीळ ऐकू आली. पेचकस वेळेआधीच आला होता. पडद्यावर काहीतरी उघडल्याचा आवाज झाला, आणि त्याचा आवाज आला, "हा बघा तो तुकडा. पुसू ना, मालक?"

"पुसा."

मोजणीदार पासष्ट वर्षांचे होते आणि त्यांचा डावा गुडघा धड नव्हता. तरी ते त्या दोन खोल्यांमधून असे गेले की खिडकीवरच्या बाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी पेचकसचा हात मनगटाला धरला. बोट माउसवर होतं.

"उचल," ते म्हणाले. "हळूच उचल. तिथे पेरलेलं आहे."

६

"बसा सगळे," मोजणीदार म्हणाले. बेकरीवाली बसलेलीच होती. मालक उभे राहिले.

"मला यातलं कळत नाही. मी फक्त बेरीज करतो. या पोरीने टाकायच्या आधी मोजलं, दोनशे बारा. मालक म्हणतात, आकडा खोटा. पण खोटा आकडा लिहिणारा पटेल असा लिहितो. सी अख्खी शंभरची. शंभराच्या घरात दोनशे बाराची खोली आहे असं कोण लिहील? तोच लिहील, ज्याने ती खरंच पाहिली आणि घर मोजायचं सुचलं नाही."

पेचकसने कानामागचा पेचकस काढून हातात घेतला. पहिल्यांदाच, असं पुढे खिडकीवरच्या बाई सांगत.

"दुसरं. एवढं सगळं टिचकीसरशी गेलं, आणि जागा जराही मोकळी झाली नाही. मालक म्हणतात, डबा आधीच रिकामा होता. पण रिकामं करणाऱ्याने सीतून माल काढला असता तर जागा तेव्हाच झाली असती, पट्टी लाल राहिली नसती. तिसरं, या गृहस्थाने सी खरवडली, त्याला डोळ्याची पापणीही मिळाली नाही. हा म्हणतो, इथे डोळे कधी नव्हतेच. ती म्हणते, मी रोज इथूनच उघडायचे. दोघंही खरं बोलतात. मालावरून जाणं वेगळं आणि माल तिथे असणं वेगळं. चौथं, बाकीची फोल्डरं पिवळी आणि हे राखाडी डबी. का, ते मला माहीत नाही. याला माहीत असेल."

पेचकस सावकाश म्हणाला, "डिस्कचा दुसरा तुकडा फोल्डरमध्ये जोडला की तसं दिसतं." मग कपाळाला हात लावला. "अरे देवा. करता येतं तसं. तुकड्याला अक्षर द्यायचंच नाही. सीत एक रिकामं फोल्डर करायचं आणि त्यातून दार काढायचं. बघणाऱ्याला वाटतं, सगळं सीतच आहे. पण असं करतं कोण? मी जन्मात कोणाला करून दिलं नाही."

"तिने केलं. सी भरली, तर तिने डिस्कवर नवी जमीन पाडली. पण डोळे उघडणारा प्रोग्रॅम जुन्याच पत्त्यावर बघायचा. म्हणून पत्ता तोच ठेवला आणि आतून वाट काढली. इथे लिहिलंय." त्यांनी वही पुढे केली. "बाहेर नाव लावलं नाही. लावलं असतं तर जागा शोधत फिरणाऱ्याचा पाय आधी तिथेच पडला असता. या पोरीने काल चोरी केली नाही आणि पुसलंही नाही. तिने दार बुजवलं. दार जातं, शेत कुठे जातं? आणि आपण आत्ता सगळे मिळून शेत नांगरायला निघालो होतो."

बेकरीवाली म्हणाली, "मग उघडा की."

"असं दिसतंय, असं मी म्हणतोय," मोजणीदार म्हणाले. त्यांचा आवाज आता तितका ठाम नव्हता. "उघडताना काही पुसलं जाणार नाही ना?"

"नाही, काका. अक्षर दिलं म्हणजे पाटी लावली, बस." पेचकसने तुकड्यावर क्लिक केलं, ई हे अक्षर निवडलं आणि हात मागे घेतला. शेवटचं बटण त्याने भाचीला दाबायला सांगितलं.

भाचीने दाबलं.

एक चौकट उघडली. आत चाळीस कप्पे होते. तिने सगळे निवडले. खाली आकडा चढत गेला, पन्नास, सव्वाशे, एकशे नव्वद, आणि थांबला.

दोनशे बारा.

मालकांनी कोटाची गुंडी काढली, पुन्हा लावली. "पोरी," ते म्हणाले, "चहा घेशील?" त्यांच्याकडून माफी याहून जवळ येत नसे, आणि भाचीला ते ठाऊक होतं.

"साखर कमी," ती म्हणाली.

७

बेकरीवालीचा डोळा कप्पा एकोणचाळीसमध्ये निघाला. पडदाभर.

नवरा दोन पावलं पुढे आला आणि थांबला. मोजणीदारांनी आयुष्यात हजारो नकाशे पाहिले होते, डोंगरावरून खालची खोरी पाहिली होती. असं काही पाहिलं नव्हतं. हे सगळं माणसाच्या चेहऱ्यावर, बोटाच्या नखाएवढ्या जागेत असतं, आणि ते सगळ्यांकडे आहे. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाकडे. बायको रोज सकाळी डबा घेऊन निघायची ती हे बघायला निघायची, आणि संध्याकाळी येऊन भाजी चिरायची.

"कोणी सांगेल का काय दिसतंय?" बेकरीवाली म्हणाली. "माझाच आहे म्हणून विचारते."

भाचीने काकांकडे बघितलं. काका खाकरले.

"मधोमध काळी विहीर आहे. विहिरीला लागून मधाच्या रंगाचा बांध, वाकडातिकडा, हाताने घातल्यासारखा. बांधापासून बाहेर वाटा निघतात. दीडशे तरी असतील, दोन वाटा एकसारख्या नाहीत. मध्येच काही एकमेकींना मिळतात. जमीन हिरवट राखाडी, पाऊस येऊन गेल्यासारखी. खालच्या अंगाला एक पडीक तुकडा आहे, तिथे काहीच नाही, नुसता उजेड. आणि सगळ्याच्या भोवती गर्द निळी हद्द. एवढी नीट हद्द मी कधी कोणाला आखून दिली नाही."

ती ऐकत होती. "लग्नाला अकरा वर्षं झाली," ती नवऱ्याला म्हणाली, "एकदा तरी सांगितलंत का असं?"

"मला मोजणी येत नाही," नवरा म्हणाला. त्याने डोळे पुसले.

"चार आठवडे लागतील," भाची म्हणाली. तिने कुंचला पाण्यात बुडवलेलाही होता. "आधी सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढते. आणि काका, पहिल्या कप्प्यातलंही नीट उघडतंय ना, तेवढं बघून घेते."

पहिल्या कप्प्यातला पहिला डोळा उघडला. तपकिरी होता, कडेला हिरवट. वीस वर्षांपूर्वीची तारीख होती. मोजणीदारांना ओळख लागली नाही. मग त्यांनी बाजूची टीप वाचली, आणि नवा कॅमेरा घरी आणून खिडकीपाशी बसवून 'हलू नका हो, दोन मिनिटं तरी हलू नका' म्हणणारी ती त्यांना दिसली.

'चाचणी. घरचाच डोळा, डावा. चारच्या काट्यापाशी तांबूस ठिपका. एरवी पापणीआड राहतो, हसले तरच दिसतो. कुंचल्याने जमणार नाही असा एकमेव डोळा.'

भाचीने काकांच्या पिशवीतलं मावशीचं भिंग घेतलं. सकाळी निघताना काकांनी ते का बरोबर घेतलं होतं, ते काकांनाही माहीत नव्हतं.

"इकडे बघा." तिने भिंग धरलं. "ठिपका दिसत नाही, काका."

"म्हातारपणी गेला असेल."

"शेत कुठे जातं?" बेकरीवाली खुर्चीतून म्हणाली. "मघाशी तुम्हीच सांगत होतात. बरं, मला एक सांगा. माझे दोन डोळे त्या पेटीत किती जागा खातात?"

भाचीने बघितलं. "एकशे वीस एमबी."

"आणि दुसऱ्यांचे?"

"शंभरच्या आसपास."

"ऐकलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "लोकांपेक्षा मोठे आहेत म्हणायचात. आता मोजून आले."

मोजणीदार हसले. आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

भिंगामागे भाची हलली नाही. मग म्हणाली, "दिसला."